माशी तीच, मग थंडीत वेगळी का निघते?

गेल्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहिलं होतं की थंड जागेत वाढवलेली फळमाशी आकाराने मोठी होते. एकच वाक्य होतं हो. त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर माशीलाच देऊन टाकलंय. ग्रहण आणि रक्तदाबवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : ताई, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. १८ डिग्रीत वाढलेली माशी जर मोठी होते तर तिची पिल्लं पण मोठीच होणार ना? म्हणजे थंडीने तिचे जीन बदलले असंच झालं ना?

नाही रे, तसं नाही झालं. पण हा घोळ खूप जणांचा होतो आणि तो एकदा सुटला की बाकीचं सगळं सोपंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२५ डिग्रीत फळमाशीला अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात आणि १८ डिग्रीत जवळजवळ दुप्पट, १९-२० दिवस. थंडीत वाढ हळू होते आणि पेशी मोठ्या होतात, म्हणून पंखही मोठा आणि माशीही मोठी. पण त्याच मोठ्या माशीची अंडी उचलून २५ डिग्रीत ठेवलीस तर पिल्लं परत लहान निघतील, कारण जीन तेच आहेत, फक्त तापमान बघून त्यांनी वेगळा माल काढला. याला लवचिकता म्हणतात, इंग्रजी पुस्तकात प्लॅस्टिसिटी. यात वारशाने पुढे जाईल असं काही बदललेलं नाही.

आता दुसरी गोष्ट बघ. विषुववृत्ताजवळच्या माश्या पकड, आणि तिथून पार लांब, थंड प्रदेशातल्या पकड. दोन्ही एकाच तापमानात, एकाच अन्नावर, दोन-तीन पिढ्या वाढव, म्हणजे आईच्या वेळच्या थंडीचा उरलासुरला परिणाम पण धुऊन निघतो. आणि मग पंख मोज. थंड प्रदेशातली माशी तरीही मोठी निघते! आता तापमान तर दोघींना सारखंच होतं, मग फरक आला कुठून, तर जीनमधून. हा खरा जनुकीय फरक, आणि तो थंडीने एका माशीत घडवलेला नाही, तो कित्येक पिढ्यांत झालेल्या निवडीचा आहे. ज्यांच्याकडे थंडीत टिकणारे जीन आधीच होते त्यांची पिल्लं जास्त जगली, बास.

म्हणजे माशी बदलणं वेगळं आणि माश्यांचा समूह बदलणं वेगळं. परीक्षेत नेमका यावरच प्रश्न येतो, लिहून ठेव.

प्रश्न : ही फळमाशी म्हणजे फळबागेत कीड म्हणून येते, सापळे लावतात, तीच का?

नाही. बागेत फळाला टोचून आत अंडी घालणारी ती वेगळ्या कुळातली, अंगाने बरीच मोठी. आपण बोलतोय ती ड्रॉसोफिला, पिकून आंबलेल्या केळ्यावर घोंघावणारी अडीच-तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची. तिला लोक सरसकट चिलट म्हणतात. म्हणू देत.

प्रश्न : मी असं वाचलंय की उष्णतेने म्युटेशन वाढतात. मग गरम हवामानात जास्त म्युटेशन, जास्त विविधता, असा सरळ हिशोब का नाही?

वाचलंय ते खरंय. हर्मन मुलर, ज्याने १९२७ मध्ये क्ष-किरणांनी माश्यांमध्ये म्युटेशन, म्हणजे डीएनएमधले नवे बदल, घडवून दाखवली, त्यानेच पुढच्या वर्षी दाखवलं की नुसतं तापमान वाढवलं तरी म्युटेशनचा वेग वाढतो. रसायनाची क्रिया गरम केल्यावर जोरात होते तसंच थोडंफार. पण हिशोब सरळ नाही, कारण आकडे बघा ना. नवीन जन्मलेल्या एका माशीत आई-बापाकडे नव्हतं असं म्युटेशन असतं सरासरी एखादंच. आणि दुसरीकडे जंगलातल्या कुठल्याही दोन माश्या शेजारी ठेवून त्यांचा डीएनए वाचला तर दर १००-२०० अक्षरांमागे एक फरक सापडतो, आणि डीएनए आहे कोट्यवधी अक्षरांचा, म्हणजे फरक झाले लाखांत. आधीच साठलेला माल लाखांत आणि नवीन आवक एक-दोन. तापमानाने ती एकाची दोन केली तरी पुढच्या दहा-वीस पिढ्यांत जे काही होणारे ते साठ्यातूनच होणारे.

साठा ढवळायचं काम मात्र तापमान करतं, आणि ही गोष्ट म्युटेशनपेक्षा जास्त रंगतदार आहे असं माझं मत. फळमाशीवर जनुकशास्त्र उभं करणाऱ्या थॉमस मॉर्गनचा एक विद्यार्थी होता, हॅरोल्ड प्लाऊ. त्याने १९१७ मध्ये माश्या वेगवेगळ्या तापमानात ठेवून मोजलं की मादीत अंडं तयार होताना गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल, म्हणजे क्रॉसिंग ओव्हर, किती होते. अपेक्षा काय असणार, तापमान वाढलं की वाढेल किंवा घटेल, एका दिशेने. झालं उलटंच, मधल्या, माशीला आरामाच्या तापमानात अदलाबदल कमी आणि खूप थंड, १३ डिग्रीच्या आसपास, किंवा खूप गरम, ३१ च्या आसपास, दोन्हीकडे जास्त! म्हणजे माशीला त्रास झाला की ती पत्ते जास्त पिसते. (हे मी माणसासारखं बोलतेय, माशी ठरवून काही करत नाही, लगेच पत्र नका पाठवू.) नवीन पत्ता एकही येत नाही पण हात वेगळे पडतात, आणि समूहातली विविधता म्हणजे नुसते पत्ते किती हे नाही, कुठला पत्ता कुठल्याबरोबर येतो हे पण त्यात आलं.

नराचा यात काही संबंध नाही बरं का. फळमाशीच्या नरात क्रॉसिंग ओव्हर होतच नाही.

प्रश्न : मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. मुलं म्हणतात, उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात, कोणी बघितलीय? तापमान आणि माशीचं असं उदाहरण आहे का की जे बघता बघता घडलं?

मॅडम, आहे, आणि ते माझं सगळ्यात लाडकं आहे, त्यामुळे उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

थिओडोसियस डॉबझान्स्की नावाचे शास्त्रज्ञ, मूळचे युक्रेनचे, १९२७ मध्ये अमेरिकेत गेले. त्यांनी ड्रॉसोफिलाची दुसरी एक जात धरली, स्यूडोऑब्स्क्युरा. कॅलिफोर्नियात सॅन जसिंटो म्हणून डोंगर आहे, तिथे पिन्यॉन फ्लॅट्स नावाच्या जागी ते महिन्यामहिन्याला माश्या पकडायचे, वर्षानुवर्षं. पकडून करायचे काय तर त्यांच्या अळ्यांच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं बघायचे. या गुणसूत्रांचं एक बरं असतं, ती प्रचंड जाड असतात आणि त्यावर आडवे पट्टे असतात, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतात, बारकोडसारखे. कधी कधी गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसलेला असतो, पट्ट्यांचा क्रम उलटा. याला इन्व्हर्जन म्हणतात. उलट्या तुकड्यातल्या जीनची सरळ तुकड्यातल्या जीनबरोबर अदलाबदल जवळपास बंद पडते, म्हणून तो सगळा तुकडा एक गठ्ठा म्हणून वारशाने जातो. त्या माश्यांत मुख्य प्रकार तीन, स्टँडर्ड, ॲरोहेड आणि चिरिकाहुआ.

आधी डॉबझान्स्कींना स्वतःलाच वाटायचं की या उलटसुलटपणाने माशीला काही फरक पडत नाही. मग आकडे जमायला लागले. मार्चमध्ये स्टँडर्ड प्रकार निम्म्याच्या आसपास, जूनपर्यंत तो घसरून तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, त्याच काळात चिरिकाहुआ वाढलेला, आणि उन्हाळा सरता सरता स्टँडर्ड परत वर. पुढच्या वर्षी परत तेच! योगायोग असता तर दरवर्षी त्याच महिन्यात त्याच दिशेने झाला नसता. १९४३ मध्ये त्यांनी हे छापलं. लाखो वर्षं नाही, चार-सहा महिने, म्हणजे माशीच्या मोजक्या पिढ्या.

पण डोंगरावर ऋतूबरोबर तापमान बदलतं तसं खाणंपिणं पण बदलतं, गर्दी बदलते, मग कारण कुठलं हे कसं कळणार? म्हणून त्यांनी मोठे पिंजरे घेतले, दोन प्रकारच्या माश्या ठरावीक प्रमाणात आत सोडल्या आणि तापमान पक्कं ठेवलं. हे काम सीवॉल राइट या जनुकशास्त्रज्ञाबरोबर १९४६ मध्ये छापून आलं. २५ डिग्रीच्या पिंजऱ्यात स्टँडर्ड वाढत वाढत ७० टक्क्यांच्या आसपास गेला आणि तिथे थांबला, चिरिकाहुआ ३० टक्क्यांवर टिकून राहिला. आणि साडेसोळा डिग्रीत? काहीच नाही. जे प्रमाण सोडलं तेच राहिलं. तोच पिंजरा, त्याच माश्या, तेच अन्न, फक्त आठ-नऊ डिग्रीचा फरक, आणि एकीकडे निवड जोरात चालू तर दुसरीकडे तिचा मागमूस नाही.

मुलांना विचारा, २५ डिग्रीत स्टँडर्ड १०० टक्के का नाही झाला? बघा कोणाला सुचतंय का. उत्तर असं, की ज्या माशीकडे एक स्टँडर्ड आणि एक चिरिकाहुआ, असे दोन्ही आहेत ती दोन्ही सारखे असलेल्यांपेक्षा सरस ठरते. मग एक प्रकार पूर्ण संपेल कसा, दोन्ही लागतात ना. म्हणजे इथे निवडीनेच विविधता राखली. पाठ्यपुस्तकात निवड म्हणजे चाळणी एवढंच असतं, ते मला नेहमी खटकतं.

प्रश्न : हल्ली कशालाही हवामानबदल चिकटवतात. माशीच्या जीनपर्यंत हवामानबदल पोचलाय हे जरा अति नाही का होत?

शंका घेणं बरोबरच आहे, पण या बाबतीत पुरावा चांगलाच भक्कम आहे. तीन गोष्टी सांगते, मग तुम्हीच ठरवा.

पहिली ऑस्ट्रेलियातली. आंबलेल्या फळात अल्कोहोल असतं, ते पचवायला माशीकडे एक एन्झाइम असतं आणि त्याच्या जीनचे दोन प्रकार आहेत, फास्ट आणि स्लो. दोघांत प्रथिनाच्या फक्त एका अमिनो ॲसिडचा फरक. फास्टवालं एन्झाइम काम जोरात करतं, स्लोवालं उष्णतेत जास्त टिकाव धरतं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर उत्तरेकडे, म्हणजे गरम बाजूला, स्लो जास्त आणि दक्षिणेकडे थंडीत गेलं की फास्ट जास्त, अशी छान उतरण पूर्वीपासून मोजलेली होती. २००५ मध्ये परत मोजून बघितलं तर वीसेक वर्षांत ही अख्खी उतरण अक्षांशाच्या ४ अंशांएवढी सरकली होती. दक्षिणेच्या माश्या जीनने उत्तरेच्या माश्यांसारख्या झाल्या.

दुसरी गोष्ट आहे सबऑब्स्क्युरा नावाच्या जातीची. मूळची युरोपची. तिच्यात पण इन्व्हर्जन खूप, आणि कुठला प्रकार गरम भागातला, कुठला थंड भागातला हे जुन्या नोंदींवरून माहीत होतं. २००६ मध्ये तीन खंडांतल्या २६ ठिकाणच्या जुन्या नोंदी आणि नव्या माश्या शेजारी ठेवून बघितल्या. २६ पैकी २२ ठिकाणी मधल्या काळात हवा गरम झाली होती आणि त्या २२ पैकी २१ ठिकाणी गरम भागातले प्रकार वाढले होते. २२ पैकी २१ हो! नाणं उडवून असं नाही पडत.

तिसरी गोष्ट पण सबऑब्स्क्युराचीच, पण ही हवामानबदलाची नाही, ही नव्या ठिकाणच्या हवामानाची आहे, तरी सांगायचा मोह आवरत नाही. ही माशी १९७८ मध्ये चिलीत आणि १९८२ मध्ये उत्तर अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात पहिल्यांदा सापडली, बहुतेक माणसाच्या मालाबरोबर चुकून गेलेली, आणि मग किनाऱ्याने भराभर पसरली. युरोपात तिचे पंख उत्तरेकडे जावं तसे मोठे होत जातात. अमेरिकेत सुरुवातीला तसं काही नव्हतं. आल्यावर दहा वर्षांनी मोजलं तरी नव्हतं. वीस वर्षांनी मोजलं, सगळ्यांना प्रयोगशाळेत एकाच तापमानात वाढवून, तर तीच उतरण तयार! थंडीकडे मोठा पंख. आता गंमत ऐका, युरोपात पंख मोठा झालाय तो बुंध्याकडचा भाग लांबून आणि अमेरिकेत टोकाकडचा भाग लांबून. थंडीने मागितलं एकच, मोठा पंख, पण दोन खंडांतल्या माश्यांनी तो वेगवेगळ्या वाटेने दिला. साठ्यात जे हाताला लागलं ते वापरलं.

प्रश्न : गरम होत गेलं की ज्यांना झेपेल त्याच माश्या उरतील. मग काही वर्षांनी सगळ्या एकाच छापाच्या होऊन विविधता संपणार. संपत कशी नाही?

प्रश्न एकदम मार्मिक आहे. आणि खरं सांगायचं तर काही जातींत ती जवळजवळ संपलेलीच असते, त्यावर येते शेवटी.

आधी न संपणाऱ्यांचं बघू. एक तर तापमान कधी एका जागी उभं राहत नाही. थंड देशांत फळमाशीच्या वसंतापासून हिवाळ्यापर्यंत दहाएक पिढ्या होतात, म्हणजे हिवाळा काढलेल्या आजीच्या कितीतरी पिढ्यांनंतरच्या पणतीला पुढचा हिवाळा भेटतो. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या एका फळबागेतून सलग तीन वर्षं, २००९ ते २०११, वसंतात आणि पानगळीत माश्या पकडून त्यांचा डीएनए वाचला, तर शेकडो जागी डीएनएच्या एखाद्या अक्षराचं समूहातलं प्रमाण उन्हाळ्यात वाढतं, हिवाळ्यात घटतं, परत वाढतं असं दिसलं. थंडी-उपासमार सोसणारे प्रकार हिवाळ्यातून पार होतात, भराभर अंडी घालणारे प्रकार उन्हाळ्यात पुढे जातात, एकाने दुसऱ्याला संपवायच्या आतच ऋतू पालटतो. पुढे २०२२ मध्ये उघड्यावरच्या १० पिंजऱ्यांत हेच जुलै ते डिसेंबर बघितलं, तिथे पण दर महिन्या-दीड महिन्याला जीनचं प्रमाण हललं आणि सगळ्या पिंजऱ्यांत साधारण एकाच दिशेने. एवढ्या झपाट्याने निवड चालते हे डॉबझान्स्कींना कळलं असतं तर ते उडालेच असते. किंवा म्हणाले असते, मी सांगत होतोच.

दुसरं, बदलत्या वातावरणात विविधता जास्त टिकते हे प्रयोगाने पण दाखवलेलंय. १९७१ मध्ये ड्रॉसोफिला विलिस्टोनीचे काही पिंजरे एकसारख्या परिस्थितीत ठेवले आणि काहींत अन्न, यीस्ट, तापमान बदलतं ठेवलं. बदलत्या पिंजऱ्यांत जनुकीय विविधता जास्त उरली.

तिसरं म्हणजे उष्णता सोसायला एकच जीन नसतो, ढीगभर असतात, प्रत्येकाचा वाटा बारीक. सिम्युलन्स जातीवर २०१९ मध्ये छापून आलेला प्रयोग आहे, एकाच मूळ समूहाचे १० भाग केले, दहाही गरम वातावरणात ६० पिढ्या वाढवले. निवडीने पुढे आणलेल्या ९९ जागा सापडल्या पण कुठल्याच समूहात सगळ्या ९९ पुढे आल्या नाहीत, प्रत्येकाने आपली वेगळी निवडक टोळी वापरली. म्हणजे गरमीशी जुळवून झालं तरी साठ्यात बरंच काही न वापरलेलं उरलं.

आता ज्यांचा साठा रिकामा आहे त्या. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला वर्षावनात बिर्चिआय नावाची जात राहते. तिथे बारा महिने उबदार, बारा महिने ओलं, सगळं ऐसपैस. तिच्यावर कोरडेपणा सोसण्यासाठी तीसच्या वर पिढ्या कडक निवड केली, दर पिढीत जास्त टिकलेल्याच पुढे घेतल्या, तरी ती जागची हलली नाही. हे २००३ चं. पुढे २००९ मध्ये बऱ्याच जाती ताडून बघितल्या तर फक्त उष्ण कटिबंधात राहणाऱ्या जातींत थंडी आणि कोरडेपणा सोसण्यासाठीची जनुकीय विविधताच कमी निघाली. निवडीला निवडायला काही पाहिजे ना. लहानपणापासून एकाच तापमानात लाडाने वाढल्यासारख्या या जाती, आणि काळजी वाटते ती यांचीच.

आणि एक मुद्दा सगळे विसरतात, मरण्याच्या आधी नर नापीक होतात. २०२१ मध्ये ४३ जातींवर काम झालं, त्यातल्या ११ जातींत नर ज्या तापमानात नापीक झाले ते मरणाच्या तापमानापेक्षा बरंच खाली होतं. माशी जिवंत, उडतेय, खातेय, पण वंश थांबला. कुठली जात जगाच्या कुठल्या भागात राहते हे पण मरणाच्या तापमानापेक्षा या नापीक होण्याच्या तापमानाशी जास्त जुळतं. आम्ही शिकत असताना एका उन्हाळ्यात लॅबचा इनक्युबेटर, म्हणजे तापमान पक्कं ठेवणारी पेटी, बिघडून तीसच्या वर जाऊन बसला होता. माश्या ठणठणीत, अंडी भरपूर, अळी एक नाही. आठवडाभर आम्ही अन्नाला शिव्या देत होतो.

प्रश्न : 'लपलेली विविधता' असा शब्द ऐकला. लपलेली असेल तर आहे हे कळतं कसं?

गरम करून! खरंच. १९५३ मध्ये कॉनरॅड वॉडिंग्टनने फळमाशीच्या कोषांना चार तास ४० डिग्रीचा चटका दिला. काही माश्यांच्या पंखावरची एक आडवी शीर गायब झाली. त्याने त्याच माश्या पुढे वाढवल्या, परत चटका, परत तशाच निवडल्या, आणि पंधराएक पिढ्यांत अशा माश्या निघायला लागल्या की ज्यांना चटका न देताही शीर नाही. लोकांना वाटलं अरे, मिळवलेला गुण वारशाने गेला, लामार्क परत आला! तसं नव्हतं. शीर घालवणारे जीन त्या समूहात विखुरलेले आधीपासून होते, एकेकटे असताना त्यांचा परिणाम दिसत नव्हता, चटक्याने तो उघडा पाडला आणि निवडीने ते एकत्र गोळा केले. पुरावा काय, तर हाच प्रयोग जवळच्या नात्यात जोड्या लावून लावून एकसाची केलेल्या माश्यांवर केला की चालत नाही. साठाच नाही तर गोळा काय करणार.

हे जीन झाकून कोण ठेवतं याचं एक उत्तर १९९८ मध्ये मिळालं, रुदरफर्ड आणि लिंडक्विस्ट या दोघींच्या कामातून. पेशीत एचएसपी ९० नावाचं प्रथिन असतं, हीट शॉक प्रथिनांपैकी, म्हणजे उष्णतेचा धक्का बसला की पेशीच्या मदतीला येणाऱ्यांपैकी, एक. (ही मंडळी सापडली कशी, तर रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाच्या इनक्युबेटरचं तापमान कोणीतरी चुकून वाढवून ठेवलं आणि गुणसूत्रावर नवेच फुगवटे दिसले, १९६२ ची गोष्ट. इनक्युबेटर बिघडल्याने आम्हाला मात्र काही सापडलं नाही.) एचएसपी ९० दुसऱ्या प्रथिनांना नीट घडी घालायला मदत करतं, थोडी वाकडी असतील तरी निभावून नेतं. ते कमी पडलं की माश्यांत डोळे, पाय, पंख, केस, काय वाट्टेल ते वेडंवाकडं दिसायला लागतं, आणि प्रत्येक वंशात वेगळं, म्हणजे ज्याचं जे लपलेलं होतं ते बाहेर. तापमान वाढलं की याच प्रथिनाला सगळीकडून बोलावणी येतात आणि झाकायचं काम मागे पडतं. २०१० मध्ये त्यात आणखी एक पदर निघाला, हे प्रथिन उड्या मारणाऱ्या जीनना, ट्रान्सपोझॉनना, दाबून ठेवायला पण लागतं. म्हणजे बाहेर पडलेलं सगळंच जुनं लपलेलं असेल असं नाही, काही ताजं म्युटेशन पण असू शकतं. यावर दोन्ही बाजूंनी भांडायला वाव आहे आणि लोक भांडतात.

प्रश्न : मी परत पहिलाच, बीएस्सीवाला. यावर प्रोजेक्ट करायचाय, दोन इनक्युबेटर मिळतील. काय करू?

दोन वेगळ्या ठिकाणच्या माश्या घे, तापमानात चांगला फरक असलेल्या, जमलं तर एक डोंगरावरची आणि एक सपाटीवरची. जंगलातून पकडलेल्या एकेका मादीला वेगळी बाटली दे, म्हणजे एकेका आईचा एकेक वंश तयार होईल. आधी सगळे वंश एकाच तापमानात दोन पिढ्या काढ. मग प्रत्येक वंशाची अंडी अर्धी १८ ला, अर्धी २५ ला. बाटलीत अंडी मोजून टाक, कारण गर्दी झाली की माशी तशीही लहान होते आणि तुझं सगळं मोजमाप गर्दीचंच होऊन बसेल, तापमानाचं नाही.

पंख एकाच बाजूचा मोज, नर-मादी वेगळे ठेव, मादी मुळातच मोठी असते. नर ओळखायचा पुढच्या पायावरच्या काळ्या कंगव्यावरून, पोटाच्या रंगावर विसंबू नको, ताजी बाहेर पडलेली माशी फिकी असते आणि फसवते. एकाच वंशाचा १८ आणि २५ मधला फरक ही लवचिकता. एकाच तापमानात दोन ठिकाणच्या माश्यांमधला फरक हा जनुकीय. आणि एका ठिकाणच्याच वंशावंशांत जो फरक दिसेल तो तुझा साठा, तो आलेखात सरासरीखाली गाडून टाकू नको, प्रत्येक वंशाची रेघ वेगळी काढ. रेघा एकमेकींना छेदत असतील, म्हणजे एक वंश थंडीत पुढे आणि दुसरा गरमीत पुढे, तर ते तुझ्या सगळ्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात भारी निरीक्षण असेल.

वंशांचं आपापसात मिश्रण होऊ द्यायचं नाही आणि कधी जोड्या लावायची वेळ आली तर कोऱ्या, म्हणजे अजून नराशी जोडी न लागलेल्या, माद्या लागतील, २५ डिग्रीत बाहेर पडल्यापासून ८ तासांच्या आत उचल, १८ मध्ये १६ तासांपर्यंत चालतं. म्हणून रात्री बाटल्या १८ ला ठेवून झोप, सकाळी सावकाश गोळा कर. आणि इनक्युबेटरच्या आत एक वेगळा साधा थर्मामीटर ठेव, बाहेरच्या आकड्यावर अजिबात विश्वास ठेवू नको.